तिकडं पाऊस झाला का?

टूसॉन हे नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये एक ‘सी’ येतो आणि तो गावातलं कुणीच उच्चारत नाही. आमच्या घरी मात्र सगळे शेवटपर्यंत ‘टक्सन’च म्हणत राहिले. मूळ नाव ओ’ओदम भाषेतलं, ‘चुक शोन’ असं काहीसं. अर्थ काळ्या डोंगराचा पायथा. तो डोंगर अजून गावाच्या पश्चिमेला आहे आणि विद्यापीठाच्या मुलांनी शंभर वर्षांपूर्वी त्याच्यावर दगडांचा एक भलामोठा पांढरा ‘ए’ रचून ठेवलाय. गावाला असं सरळ, दिसतं तसं नाव द्यायची रीत मला ओळखीची वाटली. आमच्या माण तालुक्यातही अर्ध्या वाड्यांची नावं झाडावरून, नाही तर दगडावरून पडलेली आहेत.

जानेवारी २०२० मध्ये मी तिथं गेले. दोन वर्षांचा करार. पुण्यात सागवानाच्या वर्षवलयांवर पीएचडी केली होती आणि त्या विषयातल्या माणसाला ॲरिझोना विद्यापीठातली वृक्षवलय प्रयोगशाळा म्हणजे पंढरपूरच. पोस्टडॉक म्हणजे नेमकं काय, हे घरी समजावून सांगणं मात्र पीएचडीपेक्षा अवघड गेलं. शिक्षण संपलंय, पण नोकरी नाही. पगार आहे, पण कायम नाही. सगळं ऐकून घेऊन आजीनं विचारलं, “म्हंजे रोजंदारी का?” मी हो म्हटलं. याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

या प्रयोगशाळेचा इतिहासच ‘तात्पुरतं’ या शब्दाची थट्टा करणारा आहे. अँड्र्यू डग्लस हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं चक्र झाडांच्या वलयांत सापडेल या आशेनं त्यानं झाडं तपासायला सुरुवात केली आणि त्यातून वलयांची तारीख लावायचं एक नवं शास्त्रच उभं राहिलं. १९२९ साली एका जळक्या तुळईच्या तुकड्यानं त्याची वलयांची साखळी जुळली आणि नैर्ऋत्य अमेरिकेतल्या प्राचीन वस्त्यांना पहिल्यांदा नेमकी सालं मिळाली. १९३७ मध्ये प्रयोगशाळा स्थापन झाली तेव्हा तिला फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली तात्पुरती जागा देण्यात आली. तिथून ती हलली २०१३ साली. शहात्तर वर्षं! माझ्या दोन वर्षांच्या कराराकडं बघताना ही गोष्ट मला फार धीर देई.

पहिले काही आठवडे वाळवंट शोधण्यात गेले. माझ्या डोक्यात वाळवंट म्हणजे राजस्थान, वाळूच्या टेकड्या, उंट. इथं वाळूच दिसेना. जिकडं बघावं तिकडं झाडं, झुडपं, काटे. सोनोरन वाळवंट हे जगातल्या सर्वांत हिरव्या वाळवंटांपैकी एक आहे, कारण इथं वर्षातून दोनदा पाऊस पडतो: एक हिवाळ्यात, रिमझिम, एक उन्हाळ्याच्या अखेरीस, धो धो. दोन्ही मिळून टूसॉनला जेमतेम पावणेतीनशे मिलिमीटर. आमच्या दुष्काळी माणापेक्षाही कमी. पण दोन हप्त्यांत मिळालं की गरिबाचा संसार बरा चालतो, तसं त्या झाडांचं चालतं.

आणि झाडं तरी किती ओळखीची! फड्या निवडुंग तर घराच्या कुंपणालाच. आपल्याला वाटतं निवडुंग आपलाच, गावकुसाबाहेरचा, जन्मापासूनचा. तो मुळात अमेरिकेचा. आपल्याकडं तो इतका माजला होता की त्याला आवरायला त्याच्यावरचा किडाही अमेरिकेतूनच आणावा लागला. रस्त्याच्या कडेची मेस्कीट झाडं बघून मी थबकलेच, कारण आमच्या माळावर पसरलेल्या वेड्या बाभळीची ती सख्खी चुलत बहीण. आपण जिला वेडी ठरवून तोडतो, तिच्या या बहिणीच्या शेंगा इथं दळून पीठ करतात आणि ते पीठ शनिवारच्या बाजारात गव्हाच्या पिठापेक्षा कितीतरी महाग विकलं जातं. गोडसर असतं, घावन छान होतात.

कार्टूनमधला रोडरनर प्रत्यक्षात भेटला तो विद्यापीठाच्या वाहनतळावर, चोचीत पाल धरून. तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा नातेवाईक. तसाच रुबाबात जमिनीवरून चालतो, तशीच लांब शेपटी. भारद्वाज दिसणं शुभ, तेव्हा याचं दिसणं निदान अर्धं शुभ तरी धरायला हरकत नसावी असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात साथ आली, गाव बंद झालं आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. शुभाशुभाचा हिशोब मी नंतर सोडून दिला.

सूक्ष्मदर्शक घरी न्यायची परवानगी मिळाली. घर म्हणजे एका सत्तरीच्या मेक्सिकन-अमेरिकन बाईंच्या अंगणातली दोन खोल्यांची बंगली. त्यांचं कुटुंब या गावात अमेरिकेच्या आधीपासून. १८५३-५४ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोकडून हा पट्टा विकत घेतला तेव्हा माणसं जागेवरच राहिली, सीमा तेवढी त्यांच्या डोक्यावरून दक्षिणेला सरकली. बाई मला ‘मीहा’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘माझी लेक’ म्हणण्याचा तो घरगुती प्रकार. मी त्यांना काय म्हणावं हा प्रश्न होता. नावानं हाक मारणं जिभेला जमेना, म्हणून मी ‘सेन्योरा’ म्हणू लागले. चुकून एक-दोनदा ‘मावशी’ही म्हटलं असेल. त्यांनी ओ दिली.

त्या अंगणानं मला ती दोन वर्षं सांभाळलं. संध्याकाळी डोक्यावर तुरा मिरवणारे लावे रांगेनं जायचे, पुढं आई, मागं बारकी बारकी पिल्लं, सगळ्यात शेवटी बाप. रात्री कायोटींची कुई ऐकू यायची. कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा हा प्राणी. माणात धनगरांच्या वाड्याजवळ झोपलेल्या माणसाला त्या आवाजानं जाग येते, पण भीती वाटत नाही. हावेलिना हे मात्र नवं प्रकरण. दिसायला रानडुक्कर, पण डुकराच्या कुळातलं नाही. नजर अधू, वास उग्र, आणि फड्या निवडुंग काट्यांसकट असा खातं जसं आपण कुरडई खावी. एकदा पहाटे दार उघडलं तर सात-आठ जणांचं कुटुंब दारातच. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. त्यांना मी दिसले की नाही, कोण जाणे.

चोया नावाच्या निवडुंगाबद्दल एक सूचना, कुणी जाणार असाल तर. त्याचा तुकडा नुसता घासून गेलं तरी पायाला चिकटतो आणि हातानं काढायला जावं तर हातालाही चिकटतो. खिशात कंगवा ठेवा. कंगव्यात अडकवून झटक्यात उडवायचा. तिथले लोक डोंगरावर जाताना पाण्याच्या बाटलीसोबत कंगवा घेतात तो यासाठी, भांगासाठी नाही.

ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढं-मागं करत नाहीत. त्यामुळं भारतातली आणि तिथली वेळ बारा महिने साडेबारा तासांच्या फरकानं चालते. म्हणजे घड्याळात बघितलं तर फरक अर्ध्या तासाचाच, फक्त दिवसाची रात्र. आजीला हे फार आवडलं होतं. तिची पहाट ती माझी आदली संध्याकाळ. ती सकाळी सातला चहा घेताना माझे साडेसहा वाजलेले असत. वडील फोन लावून तिच्या हातात देत आणि ती पहिला प्रश्न विचारी, “तिकडं पाऊस झाला का गं?”

एप्रिलमध्ये विचारला, मेमध्ये विचारला. मी दर वेळी म्हणे, इथं वाळवंट आहे आजी, पाऊस जुलैत. तिला हे पटत नसे. अमेरिकेत वाळवंट असेल यावर तिचा विश्वासच नव्हता. कारण बहात्तरचा दुष्काळ. त्या वर्षी तिनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली होती, माझ्या वडिलांना शेजारी गोधडीवर टाकून. कामावर सुकडी मिळे आणि रेशनला तांबडी मिलो, अमेरिकेतून आलेली. भाकरी थापताना तुटायची, जनावरंही तोंड लावायची नाहीत असं ती सांगे. पण तिच्या लेखी ज्या देशानं इतक्या लांबच्या माणसांना खायला धान्य धाडलं, त्या देशात पावसाची ददात असणं शक्यच नव्हतं. “मिलो तिकडनंच आली व्हती न्हवं? मग तितं वाळवंट कसं आसंल? तू दुसरीकडंच कुटं उतरलीस बघ.”

मी तिला व्हिडिओवर सग्वारो दाखवला. चाळीस फूट उंच, हात वर केलेला, इंग्रजी चित्रपटांत दिसतो तो निवडुंग. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात आणि तो दीडशे-दोनशे वर्षं जगतो. आजीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन तो नीट बघितला. “मानसागत हुबा हाय,” ती म्हणाली. तोहोनो ओ’ओदम, म्हणजे ‘वाळवंटाची माणसं’, सग्वारोला माणूसच मानतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला काही नवल वाटलं नाही.

ओ’ओदम लोकांचं नवं वर्ष उन्हाळ्यात सुरू होतं, सग्वारोची फळं पिकतात तेव्हा. वाळलेल्या सग्वारोच्या लांब फासळ्या जोडून काठी करतात, तिनं वरची फळं पाडतात. पहिलं फळ फोडलं की त्याचा लाल गर आकाशाकडं करून ते जमिनीवर ठेवायचं आणि पाऊस मागायचा. फळांच्या रसाचं मद्य करून समारंभ होतो, तोही ढग खाली ओढून आणण्यासाठीच. मला हे माझ्या एका सहकारिणीनं सांगितलं. आमच्या सेन्योरा कॅथलिक, त्यांचा पाऊस २४ जूनला, सान हुआनच्या दिवशी. संत जॉन हा येशूला पाण्यात बाप्तिस्मा देणारा, म्हणून त्याच्या सणाला पाऊस यावा अशी सोनोराभर श्रद्धा. माझ्या दिनदर्शिकेत त्याच सुमाराला आर्द्रा नक्षत्र लागतं. हवामान खात्याची अधिकृत तारीख १५ जून. म्हणजे आम्ही एका अंगणातले सगळे आपापल्या पंचांगाप्रमाणे एकाच आभाळाकडं बघत होतो.

मान्सून हा शब्द तिथं सर्रास वापरतात आणि तो नुसता उसना नाही. अरबीतल्या ‘मौसिम’पासून आलेला हा शब्द ऋतूप्रमाणे वारे फिरण्याला लावतात आणि तिथंही वारे खरंच फिरतात. उन्हाळ्यात जमीन तापते, मेक्सिकोच्या पर्वतरांगांवर हवा चढते, आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातून, पॅसिफिकमधून, पलीकडच्या मेक्सिकोच्या आखातातून बाष्प उत्तरेला ओढलं जातं. आपल्या मान्सूनचा हा धाकटा, लहरी भाऊ. आपल्याकडं तो आघाडीनं येतो, रेषा आखून, बातम्यांत नकाशा दाखवता येईल असा. इथं तो घराघरानं येतो. पलीकडच्या गल्लीत रस्ता तुंबतो आणि तुमच्या अंगणात थेंब नाही.

२०२० साली तो आलाच नाही.

जूनच्या पाच तारखेला कॅतालिना डोंगरात वीज पडली, पावसाविना, आणि वणवा पेटला. बिगहॉर्न फायर असं त्याचं नाव. सातएक आठवडे तो जळत होता, जवळजवळ एक लाख वीस हजार एकर. रात्री अंगणातून डोंगराच्या अंगावर लाल माळ दिसायची, दिवाळीत वाड्यावर लावावी तशी. माझी अभ्यासाची झाडं त्याच डोंगरात होती. टूसॉनहून गाडीनं निघालं की तासा-दीड तासात तुम्ही सग्वारोच्या रानातून ओकमध्ये, ओकमधून पाइनमध्ये आणि माउंट लेमनच्या नऊ हजार फुटांवर फरच्या जंगलात पोचता. वाळवंटाच्या समुद्रात उभी असलेली ही थंड बेटं. त्यांना ‘आकाशबेटं’च म्हणतात. त्यातलं माझं बेट महिनाभर डोळ्यांसमोर जळत होतं आणि मी खाली खोलीत बसून आधी आणलेल्या नमुन्यांची वलयं मोजत होते.

२४ जूनला सेन्योरांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, सहा फुटांच्या अंतरानं. आम्ही ढगांकडं बघितलं. ढग नव्हते, धूर होता. जुलै गेला, ऑगस्ट गेला. रोज दुपारी दक्षिणेला ढग चढायचे, काळे व्हायचे, आणि संध्याकाळी विरायचे. ज्यांनी माणात दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. रोहिण्या, मृग, आर्द्रा, सगळी नक्षत्रं कोरडी जाताना बघणं आणि तरी रोज मान वर करणं. त्या मोसमात टूसॉनला एकूण ४१ मिलिमीटर पाऊस झाला. शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत त्याहून कमी फक्त १९२४ साली. गावातले लोक गमतीनं त्याला ‘नॉनसून’ म्हणत. मला ते हसू आलं नाही. मी वीस वर्षं टँकरच्या मागं घागरी घेऊन धावलेल्या मुलींपैकी आहे.

“झाला का?” आजी विचारी.

“नाही.”

“मग लोक काय करत्यात?”

काही करत नव्हते. नळाला पाणी होतं. पाचशे किलोमीटरहून लांबून, कोलोरॅडो नदीतून कालव्यानं आलेलं. पाऊस नाही आला तर वाईट वाटायचं, जनावरं विकायला लागायची नाहीत. हे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हंजे वाळवंट हाय, पन दुष्काळ न्हाई.” मी वाळवंटावर बरंच वाचलंय. एवढ्या थोडक्यात हा फरक कुणी सांगितलेला मला आठवत नाही.

ऑगस्टअखेर निवडुंगाची बोंडं पिकली, जांभळी-लाल. पाऊस नसल्यानं कमीच होती. मी फोनवर दाखवली तेव्हा आजीच्या आवाजात पहिल्यांदा हसू आलं. बहात्तर साली त्यांनी ती खाल्ली होती. बारीक कुसं कशी काढायची याची तिनं मला सविस्तर तालीम दिली: पालापाचोळ्याच्या जाळावर झरझर फिरवायची, मग वाळूत लोळवायची, आणि बी चावायचं नाही. सेन्योरा चिमट्यानं धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवत होत्या. पद्धत तीच. मी एकीचं बोलणं दुसरीला सांगत होते, मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, आणि मध्येच दोघीही माझ्याशिवाय हातवारे करून बोलू लागल्या. तो रस आम्ही सरबत करून प्यायलो. त्या रात्री चिमणपाखरांसाठी, म्हणजे हमिंगबर्डसाठी, टांगलेली साखरपाण्याची बाटली वटवाघळांनी रिकामी केली. उन्हाळाअखेर ती दक्षिणेकडं परतताना टूसॉनच्या घराघरांत हे होतं. सग्वारोच्या रात्री उमलणाऱ्या फुलांचं परागण करणारी हीच ती वटवाघळं, त्यामुळं कुणी तक्रार करत नाही.

हिवाळा आला. डोंगरावर बर्फ, खाली संत्री. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही.

एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडं काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात चौघांना ताप आला, तिघं उठले. आजीला साताऱ्याला नेलं. ऑक्सिजन मिळाला, हे मी आधी सांगते, कारण त्या दिवसांत ते सांगायची रीत पडली होती. ४ मेपासून नवा नियम लागू झाला: भारतात असलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या बहुतेकांना अमेरिकेत परत येता येणार नाही. विद्यार्थ्यांना सूट होती. माझ्या प्रकारच्या व्हिसाला नव्हती. माझ्या कराराचे सात महिने शिल्लक होते आणि ज्या कामासाठी आले होते त्याचा अर्धा भाग जळालेल्या डोंगरात बाकी होता. वडील फोनवर म्हणाले, “तू येऊ नकोस. आलीस तरी आत सोडत नाहीत कुणाला.” हे खरं होतं. खरं असल्यामुळं काही सोपं झालं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी त्या महिन्यात हाच हिशोब केला असेल, मला कल्पना आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. साडेबारा तासांच्या फरकामुळं मला ते आदल्या दिवशीच कळलं, असं काहीतरी विचित्र माझ्या मनात आलं. चौघंच माणसं होती. दहाव्याला चुलतभावानं मोबाइल नदीकाठच्या दगडावर टेकवून ठेवला. कावळा शिवला का ते चित्र अडकल्यामुळं दिसलं नाही. नंतर विचारलं तर शिवला म्हणाले. सग्वारोला फुलं आली होती, पांढरी, मेणासारखी, हाताच्या टोकांवर गुच्छागुच्छानं. रात्री उमलतात, दुसऱ्या दुपारी मिटतात. सेन्योरांनी माझ्या दारात एक पातेलं आणून ठेवलं. टेपरी नावाच्या तिथल्या वालासारख्या दाण्यांची उसळ होती. मटकीइतकीच चिवट, थोडक्या पाण्यावर येणारी ओ’ओदम लोकांची ती कडधान्याची जात. त्या काहीच बोलल्या नाहीत. पातेलं परत न्यायला चार दिवसांनी आल्या, तेव्हा बसल्या.

त्यानंतर घरून येणाऱ्या फोनवर पावसाचं कुणी विचारत नसे. वडील तब्येतीचं विचारत, जेवणाचं विचारत.

आणि त्या वर्षी पाऊस आला. जुलैच्या पहिल्या दिवसांत एका दुपारी आधी वास आला. क्रिओसोट नावाच्या झुडपाच्या पानांवर एक राळेसारखा थर असतो. हवा ओली झाली की त्याचा वास मैलोगणती पसरतो, आणि तिथल्या लोकांसाठी पावसाचा वास म्हणजे तोच. आपल्या मातीच्या वासासारखा तो गोड नसतो, जरा औषधी, डांबराच्या जवळ जाणारा. पण पोटात तसंच कालवतं. मग धूळ, मग वारा, मग गडगडाट, मग सगळंच. समोरची कोरडी वॉश, म्हणजे आपला ओढा, वीस मिनिटांत दुथडी भरून वाहू लागली. (अडथळा लावलेला असतानाही अशा वाहत्या ओढ्यात गाडी घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करायचा कायदा ॲरिझोनात आहे आणि लोक त्याला उघडपणे ‘मूर्ख चालक कायदा’ म्हणतात. हा आपल्याकडंही हवा.)

रात्री साचलेल्या पाण्याकडून मेंढ्यांचा आवाज येऊ लागला. मी टॉर्च घेऊन गेले. ते बेडूक होते, स्पेडफूट जातीचे. मागच्या पायांना फावड्यासारखी कडा असते, तिनं खणून ते जमिनीत जातात आणि वर्षातला बहुतेक काळ तिथंच काढतात. गडगडाटाची, पावसाची थरथर जमिनीतून पोचली की वर येतात. त्याच रात्री जोडी, त्याच रात्री अंडी, दिवसाभरात पिल्लं, आणि डबकं आटायच्या आत, नऊ-दहा दिवसांतसुद्धा, ती पिल्लं बेडूक होऊन निघतात. गेल्या वर्षी इथं डबकं झालंच नव्हतं. म्हणजे हे सगळे कदाचित दोन वर्षं खाली थांबले होते. मेंढीचा आवाज, चिखल, अंधार, टॉर्च. एकदम माणात गेल्यासारखं झालं.

घड्याळात साडेसात वाजले होते. तिकडं सकाळचे आठ. सवयीनं फोन लावला. वडिलांनी उचलला आणि माझ्या मागचा आवाज ऐकून विचारलं, “मेंढरं कुणाची?” मी सांगितलं. ते म्हणाले, “थांब,” आणि फोन स्पीकरवर टाकून आजी बसायची त्या खिडकीत ठेवला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. पाचेक मिनिटं ते बेडूक ओरडत होते. मग वडील म्हणाले, “बरा झालेला दिसतोय.”

बराच झाला. एकट्या जुलैत २०० मिलिमीटरच्या वर, टूसॉनच्या नोंदीतला सर्वांत ओला महिना. मोसमभरात ३२५, नोंदीतला तिसरा सर्वाधिक. डोंगर इतके हिरवे झाले की फोटो पाठवल्यावर मावशीनं विचारलं, “कोकणात कधी गेलीस?” डांसही आले, त्यांचं कौतुक करत नाही.

ऑक्टोबरात आम्हाला जंगलात जाऊन नमुने घेता आले. झाडाचा नमुना घ्यायचं आमचं हत्यार म्हणजे एक पोकळ गिरमीट. ते हातानं फिरवत खोडात घालायचं आणि पेन्सिलीएवढी बारीक काडी बाहेर काढायची. झाड मरत नाही, डिंकानं जखम भरून काढतं. जळालेल्या उतारावर काळी खोडं उभी होती, त्यांच्यामध्ये कमरेएवढं गवत, आणि वाचलेले काही जुने पाइन, एका बाजूनं कोळसा झालेले, दुसऱ्या बाजूनं हिरवे. इथल्या पाइनच्या एका वलयात दोन पावसाळे वाचता येतात. हिवाळ्याच्या बर्फावर वाढलेलं लाकूड फिकं, उन्हाळ्यातलं गडद. जून फारच कोरडा गेला तर झाड मध्येच थांबतं आणि एक खोटी रेघ उमटते. मान्सून आला की पुन्हा चालू लागतं. म्हणजे थांबल्याचीही नोंद आणि पुन्हा चालू लागल्याचीही.

ती काडी लाकडी पट्टीवर चिकटवून, घासून, भिंगाखाली धरली. सालीकडून मोजायचं. पहिलं वलय २०२१: फिकं बेताचं, आणि मग रुंद, काळसर तपकिरी पट्टा. त्याच्या आत २०२०: फिकं लाकूड, आणि कडेला गडद म्हणावी अशी जेमतेम एक रेघ. मी ती रेघ तीनदा मोजली. मायक्रोमीटरचा आकडा वहीत लिहिला.

डिसेंबरात करार संपला. वाढवून मिळेल असं आधी वाटलं होतं, मिळाला नाही. कंगवा आणि साखरपाण्याची बाटली सेन्योरांकडं राहिली. मेस्कीटच्या पिठाची पिशवी मात्र सामानात नेता आली. जानेवारीत गावी त्याची धपाटी केली. चुलतीनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, “गोड लागतंय. कशाचं हाय?” मी दारातल्या वेड्या बाभळीकडं बोट दाखवलं. तिला ती चेष्टा वाटली.